दुव्यावरची दलाली: गर्दी आणि गिऱ्हाईक

पर्यटकाला काजूच्या दुकानापाशी उतरवणारा टॅक्सीचालक आणि गिऱ्हाईक निघून गेल्यावर त्याच्या हातावर चार नोटा ठेवणारा दुकानदार, हा व्यवहार गोव्याला नवा नाही. टॅक्सीचालक काजू विकत नाही, साठवत नाही, त्याच्या दर्जाची हमीही देत नाही. त्याने फक्त माणूस दारापर्यंत आणलेला असतो. ज्याला आज ॲफिलिएट मार्केटिंग म्हटले जाते, तो हाच व्यवहार पडद्यावर चालतो. दुकानदाराने दिलेला खास दुवा आपल्या लेखात किंवा चित्रफितीत ठेवायचा, त्यावरून कोणी आत जाऊन खरेदी केली की ठरलेली टक्केवारी मिळते. दोहोंत एक मोठा फरक मात्र आहे. टॅक्सीचालकाच्या गाडीत पर्यटक आधीच बसलेला असतो. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याची गाडी रिकामी असते.

हा फरक झाकून ठेवणाऱ्या जाहिरातींचा सध्या समाजमाध्यमांवर सुळसुळाट आहे. ‘घरबसल्या दरमहा पन्नास हजार’, ‘भांडवल शून्य’, ‘मोबाईल पुरेसा’ ही त्यांची ठरलेली भाषा. सरकारी नोकरीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेला पदवीधर, पावसाळ्यात पर्यटन थंडावले की हाती वेळ आणि खिशात चणचण असलेला तरुण, दुपारच्या निवांत तासांत काही कमवावे असे वाटणारी गृहिणी, हा त्या जाहिरातींचा श्रोतृवर्ग. धंदा खोटा नाही. त्याचे गणित मात्र जाहिरातीत सांगितले जात नाही.

गणित अगदी सोपे आहे, म्हणून आधी तेच मांडू. तीन हजार रुपयांचा मिक्सर आणि त्यावर पाच टक्के दलाली धरली, तर एका विक्रीमागे दीडशे रुपये मिळतील. मोठ्या संकेतस्थळांचे दर बहुतेक वस्तूंसाठी एक अंकी टक्क्यांतच असतात, मोबाईलसारख्या वस्तूंवर ते आणखी कमी असतात, त्यामुळे पाच टक्के हे गृहीतक कंजूषपणाचे नाही. महिन्याला दहा हजार रुपये हवे असतील तर सदुसष्ट मिक्सर विकले गेले पाहिजेत. दुव्यावरून आत गेलेल्या शंभरांपैकी तिघे खरेदी करतात असे मानले, तर सुमारे सव्वादोन हजार माणसांनी दुवा दाबला पाहिजे. आणि वाचणाऱ्या दहांपैकी एकच दुवा दाबतो असे मानले, तर महिन्याला बावीस हजारांहून अधिक वाचक लागतात. शिवाय परत पाठवलेल्या मालावर दलाली मिळत नाही. याच हिशेबाने एका क्लिकची किंमत साडेचार रुपये पडते. पैसे देऊन जाहिरात करायची आणि त्यासाठी क्लिकमागे पाच रुपये मोजायचे ठरवले, तर जितकी गर्दी वाढेल तितका तोटा वाढेल. नवशिक्यांचे पहिले काही हजार रुपये बहुधा येथेच जातात.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण कोणतेही घातले तरी एक गोष्ट ठळक दिसते. बावीस हजार वाचक मिळवणे फार कठीण. तिनाचे सहा खरेदीदार करणे त्या मानाने सोपे. ‘ट्रॅफिक कशी वाढवू?’ हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. ‘येणारा माणूस काय मनात धरून येतो?’ हा प्रश्न त्याआधी यायला हवा. संध्याकाळी रील सरकवत बसलेला माणूस आणि ‘कपाटातील कपड्यांना बुरशी येते, काय करावे’ असे विचारणारा माणूस, दोघेही मोजणीत एकच. पहिला करमणुकीला आला आहे, दुसऱ्याचा हात खिशाशी आहे.

या धंद्याचा इतिहासही हेच सांगतो. ॲमेझॉनने आपली दलालीची योजना जुलै १९९६ मध्ये सुरू केली, तेव्हा ती कंपनी पुस्तकेच विकत होती. पुढे २०११ मध्ये ब्रायन लॅम यांनी अमेरिकेत ‘वायरकटर’ हे संकेतस्थळ काढले. बातम्यांचा मारा करायचा नाही, मोजक्या वस्तू कसून तपासायच्या आणि ‘यातली ही घ्या’ असे स्पष्ट सांगायचे, एवढीच रीत. उत्पन्नाचा मुख्य आधार होता दुव्यांवरची दलाली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१६ मध्ये सुमारे तीन कोटी डॉलर मोजून ते विकत घेतले. ब्रिटनमध्ये मार्टिन लुईस यांनी २००३ मध्ये सुरू केलेले ‘मनीसेव्हिंगएक्स्पर्ट’ तर काटकसरीचे सल्ले देणारे. ज्या दुव्यावर आपल्याला पैसे मिळतात त्यापुढे तेथे चांदणीची खूण असते. २०१२ मध्ये त्याचा सौदा ८ कोटी ७० लाख पौंडांपर्यंत गेला. ही शिखरे आहेत, सर्वसाधारण अनुभव नव्हे. पण दोन्ही ठिकाणी वाचक परत परत आला तो सल्ला खरा निघाला म्हणून.

आता नाण्याची दुसरी बाजू. दलालाच्या हाती दर ठरवण्याचा अधिकार नसतो. एप्रिल २०२० मध्ये, महामारीने लोक घरात कोंडले गेले असताना, ॲमेझॉनने अमेरिकेतील दर एकदम खाली आणले. फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंवरील आठ टक्के तीनावर आले, किराणा पाचावरून एकावर. ज्यांनी वर्षानुवर्षे लेख रचून ठेवले होते त्यांचे उत्पन्न एका सूचनेने अर्ध्याहून खाली गेले. एकाच दुकानाच्या भरवशावर घर चालवू नये हे आपल्या आजोबांना ठाऊक होते.

दुव्याची मुदत हाही असाच दुसऱ्याच्या हातातला विषय. ॲमेझॉनवर ती साधारण चोवीस तासांची असते. तेवढ्यात वस्तू खरेदीच्या टोपलीत गेली नाही, तर माणूस तुमचा राहत नाही. बहुतेक योजनांत शेवटचा दुवा ज्याचा, त्याचीच दलाली, असा नियम आहे. सवलतीचे कूपन शोधून देणारे ‘हनी’ हे साधन पेपाल कंपनीच्या मालकीचे. शिफारस दुसऱ्याची असताना हे साधन शेवटच्या क्षणी आपला दुवा घुसवते, असा आरोप डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूबरने केला आणि प्रकरण अमेरिकी न्यायालयात गेले. उद्योगातील प्रचलित नियमच आपण पाळतो, असे कंपनीचे म्हणणे. आरोपाचे काय व्हायचे ते होवो. दारापर्यंत माणूस आणणारा एक आणि मोबदला घेणारा दुसरा, हे या व्यवस्थेत घडू शकते, एवढे त्यातून कळले.

वाचक आणायचे कोठून, हा प्रश्न दहा वर्षांपूर्वीपेक्षा आज अवघड झाला आहे. तेव्हाचा राजमार्ग होता गूगल. ‘सर्वोत्तम दहा मिक्सर’ असा लेख लिहायचा, शोधाच्या पहिल्या पानावर यायचे, बस. ऑगस्ट २०२२ पासून गूगलने वाचकाऐवजी शोधयंत्रासाठी लिहिलेल्या मजकुराला मागे सारायला सुरुवात केली. मे २०२४ पासून तर नामांकित वृत्तसंस्थांच्या आडोशाने तिसऱ्याच कोणी चालवलेल्या कूपनांच्या पानांवरही कारवाई झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शोधाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश भारतात दिसू लागला. प्यू संशोधन केंद्राने अमेरिकी वापरकर्त्यांच्या मार्च २०२५ मधील शोधांचे विश्लेषण केले, तेव्हा असा सारांश दिसल्यास शंभरांतील आठच भेटींत नेहमीच्या दुव्यावर क्लिक झाले; सारांश नसेल तेथे पंधरा. कंपनीने छापलेली माहिती पुन्हा लिहिणाऱ्याचे दुकान त्यामुळे बसले. यंत्राला जे स्वतः वापरून पाहता येत नाही तेवढेच लिहिणाऱ्याच्या वाट्याला उरले.

चित्रफितींचा मार्ग खुला आहे, पण त्यातही खाचा आहेत. इन्स्टाग्रामच्या मजकुरात टाकलेला दुवा दाबता येत नाही; यूट्यूबच्या शॉर्ट्समधील वर्णनात आणि प्रतिक्रियांत तो ऑगस्ट २०२३ अखेरपासून निर्जीव आहे. लाखभर लोकांनी पाहिलेली आखूड चित्रफीत म्हणूनच शंभर रुपयेही देईल याची खात्री नाही, तर सात-आठ मिनिटांची, वस्तू हातात धरून केलेली आणि वर्णनात दुवा असलेली चित्रफीत काही हजार प्रेक्षकांवर वर्षभर विक्री देत राहू शकते.

व्हॉट्सॲपचा मार्ग सर्वांत जवळचा आणि सर्वांत महाग. देवस्थानाचा गट, शाळेतल्या मित्रांचा गट, भावकीचा गट, येथे रोज सकाळी ‘आजची धमाका ऑफर’ टाकणारा माणूस आठवड्याभरात सर्वांच्या फोनवर मुका होतो. पहिल्या दोन विक्री मावशी आणि मेव्हणे भिडेपोटी करतात. त्यांचीच गिनती यश म्हणून होते. स्वतःच्या दुव्यावरून आपण खरेदी करणे ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाही, हेही अनेकांना खाते बंद झाल्यावर समजते. ज्यांनी स्वखुशीने नाव नोंदवले अशांचा वेगळा चॅनल किंवा ईमेल यादी, मग ती दोनशेंची का असेना, हे मात्र खरे भांडवल. दर बदलले, गूगल रुसले, तरी ती यादी आपली राहते.

सर्वांत मोठा धोका याहून वेगळा आहे. ‘ॲफिलिएट मार्केटिंग शिका’ म्हणून काही हजारांचा अभ्यासक्रम विकत घ्यायला लावायचा, आणि शिकवायचे काय, तर तोच अभ्यासक्रम आणखी पाचजणांना कसा विकायचा. वस्तू नाही, बाहेरचे गिऱ्हाईक नाही, नव्याने भरती होणाऱ्याच्या पैशातून जुन्याची दलाली. याला साखळी म्हणतात. थेट विक्रीसंबंधीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे, आणि पैशाच्या फिरत्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ चा आहे. ओळखण्याची खूण एकच: विकायची वस्तू बाजूला काढली तर उत्पन्न उरते का? उरत असेल तर दूर राहावे.

जास्त दलालीचा मोह जुगाराच्या आणि शेअर ‘टिप्स’च्या दुव्यांकडे नेतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कॅसिनोंची नावे रोज फलकांवर पाहणाऱ्या आपल्या राज्यातील तरुणाला यात काही वावगे वाटणार नाही, हीच भीती. नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांशी व्यवहार ठेवण्यास सेबीने आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना २०२४ मध्ये मनाई केली.

आपल्याला दलाली मिळते हे सांगितले तर लोक विकत घेणार नाहीत, अशी नवशिक्याची समजूत असते. सांगणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शनानुसार शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध ठळकपणे, हॅशटॅग आणि दुव्यांच्या गर्दीत न लपवता सांगायचा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत, पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. ‘या दुव्यावरून घेतल्यास मला थोडी दलाली मिळते, तुमची किंमत वाढत नाही’ हे साधे मराठी वाक्य पुरते. दलालीतून टीडीएस कापला जाऊ शकतो, म्हणून पॅन आणि विवरणपत्र यांची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी. जीएसटीची नोंदणी मात्र सेवांची उलाढाल वर्षाला वीस लाखांपलीकडे जाईपर्यंत सहसा लागत नाही.

मग गोव्यातल्या नवशिक्याने विकावे काय? दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला जे ठाऊक नसते ते. जून ते सप्टेंबर आपल्या घरांत मुक्काम ठोकणारी ओल, किनाऱ्याजवळच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने गंजणारे पंख्यांचे नट आणि गॅसच्या शेगड्या, वीज गेल्यावर उपयोगी पडणारा छोटा इन्व्हर्टर, चतुर्थीला पाहुण्यांनी घर भरल्यावर तासनतास चालणारा मिक्सर. ओल शोषणारी कोणती पाकिटे आठ दिवसांत पाणी होऊन गेली आणि कोणती महिना टिकली, हे स्वतःच्या कपाटात ठेवून, तारखा टिपून आणि फोटो काढून लिहिलेले एक पान जगभरच्या ‘सर्वोत्तम दहां’पेक्षा अधिक विकेल. ते मराठीत असावे, आणि लोक बोलताना जे शब्द वापरतात त्याच शब्दांत: ‘आर्द्रता-नियंत्रक’ कोणी शोधत नाही, ‘कोंदट वास’ शोधतो. जी वस्तू टिकली नाही तिच्याविषयीही लिहावे, दुवा न देता.

वेळेचे भान मात्र हवे. ॲमेझॉनवर खाते उघडल्यापासून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर ते बंद होते. पुन्हा अर्ज करता येतो, पण जुने दुवे वाया जातात. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी नाव नोंदवणाऱ्यांची मुदत एकही वाचक येण्याआधी संपते. ओलीवरचे लेख मागच्या पावसाळ्याच्या नोंदींवरून फेब्रुवारी-मार्चमध्ये लिहून ठेवावेत, शोधयंत्राला ते सापडायला दोन-तीन महिने द्यावेत, आणि खाते मेच्या मध्यास उघडून दुवे तेव्हा जोडावेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो आणि लोक कपाटे उघडून पाहू लागतात.