१८ सेंटिमीटरचा लाल एल

क्रांती चौकातला पूल जालना रोडची सरळ जाणारी वाहतूक डोक्यावरून घेऊन जातो. ज्यांना पैठण गेट, उस्मानपुरा किंवा स्टेशनकडे वळायचंय ते सगळे खाली, महाराजांच्या पुतळ्यापाशी, एकमेकांच्या अंगावर येतात. त्या गर्दीत सिग्नल हिरवा झाला की एखादी छोटी गाडी दोन आचके देते आणि बंद पडते. मागच्या काचेवर लाल एल. आत चाळिशीतली एखादी बाई, शेजारी नवरा, आणि मागे हॉर्नचा नुसता गोंगाट.

हा लाल एल म्हणजे नेमकं काय, हे मी मुद्दाम शोधून वाचलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला तिसरा नियम. मैत्रिणींनो, एकदा वाचाच. करमणूक होते.

पाटी पांढरी हवी आणि किमान १८ सेंटिमीटर चौरस हवी, म्हणजे एक खाकरा मावेल एवढी. त्यावर लाल अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि खाली ९ सेंटिमीटर रुंद. ती पुढेही हवी आणि मागेही. रंगवा, पाटी लावा नाहीतर कार्ड चिकटवा, कशालाही मुभा आहे. म्हणजे साडीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि लाल चिकटपट्टी एवढ्यात काम होतं. किमान माप दिलंय, कमाल दिलेलंच नाही, त्यामुळे कुणी अख्ख्या बॉनेटवर एल रंगवला तरी हा नियम आडवा येत नाही. उलट दुकानातला बोटभर स्टिकर एकदा पट्टी लावून मोजा. आणि हो, अक्षर एलच हवं. शिकाऊचा 'शि' चालत नाही. वेल्समध्ये शिकणाऱ्याला वेल्श भाषेतला डी लावता येतो, आपल्याला मात्र शिकायचं ते इंग्रजीतूनच.

खरी गंमत पुढे आहे. शिकणाऱ्यासोबत वैध परवाना असलेला शिकवणारा हवा, आणि तो गाडी ताब्यात घेऊ शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोघांच्या पायाशी ब्रेक असतो, तिथे ठीक आहे. पण घरच्या गाडीत शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या हातात काय असतं? फार तर हँडब्रेक, आणि नव्या गाड्यांत त्याचंही बटण झालंय. उरते ती जीभ. "अगं क्लच, क्लच!" हे कायद्याच्या भाषेत गाडी ताब्यात घेणं होत असेल तर आपल्याकडचे सगळे नवरे नियम पाळतात असं म्हणावं लागेल.

दुचाकीची तर आणखी मजा. तिथे शिकणाऱ्याच्या मागे फक्त शिकवणाराच बसू शकतो, तोही वरच्याच अटीवर. मागच्या सीटवरून स्कूटर थांबवायची कशी? सकाळी मोकळ्या मैदानावर लेकीच्या दोन्ही खांद्यांवरून हात पुढे घालून हँडल धरून बसलेले बाबा तुम्ही पाहिले असतील. कायद्याला बहुधा तेच अपेक्षित असावेत.

शिकवणाऱ्याचा परवाना वैध हवा, पण तो किती वर्षं जुना हवा हे या नियमात नाही. काल पक्का परवाना मिळालेला पोरगा आज आईचा गुरू होऊ शकतो. ब्रिटनमध्ये एलची पाटी १९३५ पासून आहे आणि तिथे सोबत बसणारा किमान २१ वर्षांचा आणि तीन वर्षं परवाना बाळगलेला लागतो. आपला शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. संपला की पुन्हा नवा काढता येतो, म्हणून काही जण वर्षानुवर्षं शिकाऊच राहतात.

यातल्या बहुतेक पळवाटांवर मी हसून गप्प बसेन. एका गोष्टीवर मात्र बसवत नाही. एवढी सेंटिमीटरची मापं घेतली ती सगळी शिकणाऱ्याच्या गाडीची. ती पाटी वाचून मागच्याने काय करायचं, याबद्दल या नियमात एक अक्षर नाही. आपल्याकडे साधू-साध्वी चार हात पुढची जमीन निरखत पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. माप तिथेही आहेच, पण ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांना घातलेलं आहे. इथे सगळं माप पुठ्ठ्याला.

जपानमध्ये १९७२ पासून नवशिक्याच्या गाडीला हिरव्या-पिवळ्या पानासारखी खूण असते, परवाना मिळाल्यावर एक वर्षभर. त्या गाडीच्या अंगावर गाडी घालणं किंवा विनाकारण तिच्यापुढे घुसणं हा तिथे दंडाचा गुन्हा आहे. खुणेला अर्थ येतो तो असा.

हे मी उगाच ताणत नाही. आमच्या जाऊबाई ४६ व्या वर्षी गाडी शिकायला लागल्या. मंदिर, बँक, सासूबाईंचा दवाखाना, कशासाठीच कुणाची वाट पाहायला नको म्हणून. याच पुलाखाली गाडी बंद पडली, मागून एकाने हॉर्न वाजवता वाजवता काच खाली करून नको ते ऐकवलं. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. भाऊजी म्हणायचे, "जाऊ द्या, रिक्षा आहे की." शिकलेलं वाया गेलं याचं त्यांना काहीच नव्हतं. अशा किती जणींचे परवाने पर्समध्ये नुसते पडून असतील.

आता आपल्याच घरातली पळवाट सांगते. शिकाऊ चालवत असेल तेव्हा एल हवा, असं नियम म्हणतो. शिकाऊ चालवत नसेल तेव्हा तो काढा, असं म्हणत नाही. म्हणून वीस वर्षं गाडी हाकणारे गृहस्थही लेकीच्या एलसकट सुसाट जातात, आणि परवाना येऊन तीन वर्षं झाली तरी स्टिकर तसाच. "राहू दे, लोक सांभाळून घेतात." कसले घेतात! दहा गाड्यांतल्या सात एल खोटे निघाले की आठव्या, खऱ्या एलवरही कुणी विश्वास ठेवत नाही, आणि हॉर्न खातात जाऊबाईंसारख्या. पुठ्ठा दोऱ्याने बांधा, म्हणजे दुसरं कुणी चालवायला बसलं की काढता येतो. चिकटवलेलाच असेल तर परवाना हातात पडेल त्याच दिवशी खरवडा. काचेवर डिंक राहिला तर थोडं खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. निघतो.