चेहरा हसतो, हात काय सांगतात?

आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो दरवर्षी शेकड्यांनी निघतात. दोन वर्षांपूर्वीचे फोटो आम्ही पावसाळ्यात पुन्हा काढून पाहिले, ते एका वाईट कारणाने. आमच्यातला एक दादा, सफाईच्या कामावर जाणारा, कुणाच्याही मयतीला नि लग्नाला सर्वांत आधी हजर असणारा, जीव द्यायला निघाला होता. शेजाऱ्यांनी वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून वाचला. "कळलंच नाही, कायम हसतमुख असायचा," असे जो तो म्हणत होता. आम्हीही तेच म्हणालो.

मोबाईलमध्ये शोधले तर सात फोटोंत तो सापडला. सातही फोटोंत हसत होता. पण चार फोटोंत त्याच्या मुठी घट्ट आवळलेल्या होत्या आणि सगळे नाचत असताना तो विजेच्या खांबाला खांदा लावून एकटा उभा होता. त्याच्या आदल्या वर्षी हाच माणूस गळ्यात ढोल अडकवून सर्वांत पुढे होता. फोटो आमच्याच खिशात होते. पाहिले कुणी नव्हते.

आरोग्याच्या पानावर फोटोग्राफी कशाला, असे कुणी विचारील. रस्त्यावर हिंडून अनोळखी माणसांचे फोटो काढणारे जे लोक आहेत, त्यांना माणूस पाहायची एक सवय लागलेली असते. ती सवय डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त हवी, कारण रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचण्याआधी आपल्या शेजारी बसलेला असतो.

अमेरिकेतल्या वॉकर एव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, कोटाच्या आत कॅमेरा लपवून, समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले. आपल्याला कुणी पाहत नाही असे वाटले की माणूस चेहरा जरा खाली ठेवतो, डोक्यावरची पाटी खाली ठेवावी तसा. शिकागोची व्हिव्हियन मायर तर लोकांची मुले सांभाळून पोट भरणारी बाई. तिने लाखाहून जास्त फोटो काढले आणि जगाला ते ठाऊक झाले २००७ साली तिच्या पेट्या लिलावात गेल्यावर. तिच्या कितीतरी फोटोंत तोंड दिसतच नाही. पाठीमागे गुंफलेले हात, पाय, वाकलेली पाठ, एवढेच.

चेहऱ्यावर फार भिस्त ठेवू नये हे विज्ञानही सांगते. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली हजाराहून अधिक अभ्यास तपासले. रागावलेली माणसे शंभरातून जेमतेम तीस वेळाच कपाळाला आठ्या घालतात, असे त्यांना आढळले. आपल्या लोकांचे तर विचारूच नका. मुकादमापुढे, साहेबापुढे, घरमालकापुढे हसरे तोंड ठेवण्यात पिढ्या गेल्या. ते हसू घरी आल्यावरही उतरत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढले, ते आपल्या प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लागावेत असे आमचे मत आहे. आपल्याच माणसाकडे थांबून पाहायचे कसे, हे त्यांतून कळते.

पण नुसते पाहणेही फसवते. डोरोथिया लँग यांचा १९३६ सालचा तो फोटो पुष्कळांनी पाहिला असेल: गालाला हात लावून बसलेली आई आणि तिच्या खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुले. चिंता अशी की पाहणाराच्या पोटात कालवते. लँग यांनी त्या बाईचे नावही विचारले नव्हते. गाडीची चाके विकून त्यांनी अन्न घेतले, असे पुढे सांगितले गेले. ते तिच्या घरच्यांनी साफ नाकारले. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव लोकांना चाळीसेक वर्षांनी कळले. दुःख अचूक टिपले, हकीकत चुकली.

फोटोवाल्याला पुढच्या गल्लीत जायचे असते. आपल्याला तसे नाही, आपण तिथेच राहतो, म्हणून आपण विचारू शकतो. "बरा आहेस ना?" असे विचारले तर "हो" याखेरीज उत्तर येत नाही. झोप लागते का, जेवण जाते का, आवडीचे काम का सोडलेस, हे विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने असे विचार डोक्यात भरतात ही समजूत चुकीची आहे. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीतही बोलता येते. आणि एक विनंती तरुण पोरांना: रडणाऱ्या माणसावर मोबाईल धरू नका.

दादा बरा झाल्यावर आम्ही त्याला ते फोटो दाखवले. मुठी आवळल्या होत्या म्हणजे कुणावर तरी राग असणार, असा आमचा अंदाज होता. तो म्हणाला, "राग कसला? दोन दिवस दारूला शिवलो नव्हतो. हात थरथरत होते, ते दिसू नयेत म्हणून." जयंतीला प्यायचे नाही असे ठरवून त्याने एकट्याने दारू सोडून पाहिली होती. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम बंद केले तर हात कापतात, घाम सुटतो, कधी फिटही येते, जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते. हे त्याला कुणी सांगितले नव्हते. तीन दिवसांनी त्याने पुन्हा सुरू केली आणि शरमेने घराबाहेर पडेनासा झाला. आता त्याचे उपचार चालू आहेत. महिन्यातून एकदा दवाखान्यात जाताना तो एकटा जात नाही, आमच्यातला कुणीतरी रजा टाकून बरोबर जातो.