चाळिशी

माणसाने चाळिशी ओलांडली की जग त्याच्याकडे संशयाने पाहू लागते. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, चष्मा घ्या. घरची मंडळी चहातली साखर मोजू लागतात. मी ज्या देशात गेली तीसेक वर्षे राहतो आहे त्या इंग्लंडात तर सरकारी आरोग्यखातेच ४० ते ७४ वयाच्या धडधाकट माणसांना दर पाच वर्षांनी तपासणीला बोलावते. आजार नसला तरी या, म्हणते. नसला म्हणजे दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ!

याच देशाच्या सरकारने मोटारींना मात्र नेमका उलटा न्याय लावला आहे. गाडी तीन वर्षांची झाली की तिला दरवर्षी एमओटी नावाची परीक्षा द्यावी लागते. नवी कोरी, झुळझुळीत, काँप्युटरने भरलेली गाडी दरवर्षी निमूटपणे रांगेत उभी राहते. पण तीच गाडी ४० वर्षांची झाली आणि तिच्यात मोठे फेरफार केलेले नसले, की २० मे २०१८ पासून तिला परीक्षा माफ! म्हणजे म्हाताऱ्या पेशंटला डॉक्टरांनी सांगावे, "आजोबा, आता तुम्ही तपासायला यायची गरज नाही." हे वाक्य डॉक्टर कोणत्या प्रसंगी उच्चारतात ते तुम्ही जाणताच.

आता तुम्ही म्हणाल, त्या देशाचे सरकार आणि त्या देशाच्या गाड्या, तुमच्या पोटात का दुखते? तर मंडळी, माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी आहे.

ही एमजीबी म्हणजे १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी तयार झालेली दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी गाडी. तिच्यात बसताना आपण गाडीत बसलो नसून ती अंगात घातली आहे असे वाटते. मराठी वाचकाला नाते सांगायचे तर ही आपल्या अँबेसिडरची चुलत बहीण. दोघींची इंजिने एकाच घराण्यातली, बीएमसीच्या बी-सिरीजची. अँबेसिडरने पदर खोचून सगळ्या खटल्याला स्टेशनवर पोचवले आणि हिने केस मोकळे सोडून वारा खाल्ला, एवढाच फरक.

मी व्यवसायाने ऑडिटर. हयात दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेली. "आमचे हिशेब चोख आहेत, ऑडिट कशाला?" असे म्हणणाऱ्या किती शेटजींना मी चष्म्यावरून बघितले असेल त्याची गणती नाही. आणि असा मी, २०१८ साली गाडीची परीक्षा माफ झाल्याचे वाचून पेढे वाटल्यासारखा गल्लीभर बातमी सांगत हिंडलो. तपासणीची फी वाचली, वर्षातली एक सकाळ वाचली. आपले सोडून बाकी सगळ्यांचे ऑडिट व्हावे, हे ऑडिटरलाही वाटते.

पुढे काही महिन्यांपासून गाडी डावीकडे ओढू लागली. सकाळी घरातून निघताना नाकासमोर चालायची; पाचसहा मैल गेले की हळूच डावीकडे सरकायची. मी निदान केले : स्टिअरिंग. गाडी वळते ती स्टिअरिंगने, तेव्हा न सांगता वळत असेल तर दोष स्टिअरिंगचाच, हे उघड नाही का? मी टायरमधली हवा तपासली. टायर अदलून बदलले. अलाइनमेंट करून आणली. टाय रॉडचे दोन्ही एंड नवे घातले. गाडी आपली डावीकडेच. शेवटी मी स्टिअरिंग थोडे उजवीकडे धरून चालवायची सवय केली. संसारात आपण हेच करतो. पण संसाराला चाके नसतात.

२०२२ सालच्या गणपतीतली गोष्ट. हाय विकमला एका स्नेह्यांकडे दर्शनाला निघालो होतो. शेजारी सौ., तिच्या मांडीवर एकवीस मोदकांचा डबा. चिल्टर्नच्या टेकड्या चढून गाडी गावाकडे उतरू लागली. ऊन छान पडले होते. लांबच लांब उतार, मी मधूनमधून ब्रेकवर पाय ठेवत होतो. उताराच्या तळाशी काळेपांढरे पट्टे, आणि त्यांवरून एक वृद्ध गृहस्थ कुत्र्याला घेऊन, इंग्लंडात घाई करणे असभ्य असते अशा चालीने, रस्ता ओलांडत होते. मी ब्रेक दाबला. पेडल गेले ते थेट जमिनीला टेकले. लोण्यात बोट घालावे तसे. पुन्हा दाबले, पुन्हा जमीन.

पोटात गोळा येणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. हँडब्रेक खेचला, करकरत खालचा गिअर टाकला, आणि गाडी त्या गृहस्थांपासून हातभर अंतरावर थांबली. त्यांनी टोपीला हात लावून माझे आभार मानले! त्यांना वाटले, मी त्यांच्यासाठी थांबलो. कुत्र्याला मात्र सगळे समजले असावे. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

सौ.ने डबा घट्ट धरला होता. एकही मोदक फुटला नव्हता. थोड्या वेळाने ती एवढेच म्हणाली, "अहो, आपण बसने जाऊ."

खरी मौज पुढेच आहे. पाऊण तासाने मी पेडल दाबून पाहिले, तर ते पूर्ववत ताठ! जणू काही झालेच नव्हते. खोटे कशाला सांगू, "पायच घसरला असेल" असे मी मनाशी घोळवू लागलो होतो. सौ.ने गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली म्हणून वाचलो.

गाडी ट्रकवर घालून घरी आणली. आमच्या शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहतात, ऐंशीच्या घरातले. त्यांना बोलावले. मला वाटले, हातात पाना घेऊन येतील. ते रिकाम्या हातांनी आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी सरळ चालते आणि मग ओढते ना? मग अहो, स्टिअरिंगला तापायची वाट कशाला बघावी लागेल?"

माझ्या ऑडिटच्या सबंध कारकिर्दीत मी इतका नेमका प्रश्न कुणाला विचारलेला नाही.

तरी त्यांनी स्टिअरिंगची रीतसर झडती घेतली. पुढचा भाग जॅकवर उचलला, खाली भक्कम घोड्या दिल्या. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याने आधी विमा उतरवावा.) चाक वरून-खालून धरून हलवले. खडखड असेल तर एक तर बेअरिंग सैल, नाही तर किंगपिन झिजलेली. ब्रेक दाबून ठेवल्यावर खडखड थांबली तर बेअरिंग, चालूच राहिली तर किंगपिन. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवले. तिथे प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक. सगळे घट्ट. स्टिअरिंग निर्दोष सुटले. मी आग रामेश्वरी असताना बंब सोमेश्वरी नेत होतो.

मग त्यांनी मला ब्रेक दाबून सोडायला लावला आणि चाके हाताने फिरवली. उजवे फिरले. डावे जागचे हलेना. मी पाय काढला तरी त्या चाकाचा ब्रेक धरूनच होता. त्यांनी कॅलिपरवरचे हवा काढायचे निपल जरासे सैल केले, फुस्सकन थोडे ब्रेक ऑइल उडाले, आणि चाक मोकळे! म्हणजे पिस्टन अडकला नव्हता, आत दाब कोंडला होता. कोंडणारा होता चाकाकडे जाणारा रबरी होज पाइप. वरून काळाभोर, तुकतुकीत. आतून फुगून बंद होत आलेला. मी जोरात दाबले की ऑइल चाकाकडे जाई, पाय काढला की परत येत नसे. चाक घासत राही, तापत राही, गाडी त्या बाजूला ओढत राही.

पण पेडल जमिनीला का टेकले? त्याचे उत्तर टाकीत होते. मी झाकण उघडले तर आत काकवी. आपले मिस्त्री ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते तेल नव्हेच. खरे तेल त्यात पडले तर आतले रबर फुगून बसते. हे ग्लायकोलचे द्रव्य, आणि त्याला पाण्याचा भारी लोभ. हवेतला दमटपणा ते गुपचूप पीत असते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. पाणी प्यायलेल्या ऑइलसाठी हीच अट १५५ अंशांवर येते. म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचे असते. माझे कधीचे होते ते सांगायला लाज वाटते. घासणाऱ्या चाकाच्या उष्णतेने ते उकळले. ऑइल दाबून दबत नाही, वाफ दबते. आणि माझ्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच नळी, एकच मास्टर सिलिंडर. एका चाकात वाफ झाली की चारही चाकांना सुतक. निवल्यावर वाफेचे पाणी झाले, पेडल साळसूदपणे वर आले.

नवे होज घातले, सगळे ऑइल काढून नवे भरले. हवा काढायला दोघे लागतात : एक पेडलवर, एक चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची.

"दाब."

"दाबला."

"धरून ठेव. सोडू नकोस... आता सोड."

"अहो, किती वेळा?"

"बुडबुडे थांबेपर्यंत."

एवढ्या वर्षांच्या संसारात मी लागोपाठ इतक्या आज्ञा केल्या आणि त्या पाळल्या गेल्या, असा तो एकमेव दिवस.

आता माझे भांडण ऐका. माफीच्या बाजूने तीन मुद्दे सांगितले जातात. पहिला : जुन्या गाड्या फार चालत नाहीत. अहो, तोच तर रोग! इंजिन चालून झिजते, ब्रेक उभ्या उभ्या सडतो. ऑइल पाणी पिते ते गाडी गॅरेजात झोपलेली असतानाच. होज फुगतो, पिस्टन गंजतो, मागच्या ड्रममधले सिलिंडर जाम होतात, ते सगळे झाकलेल्या चादरीखाली.

दुसरा मुद्दा : मालक गाडीला जीव लावतात. लावतात ना! रविवारी पबच्या आवारात या गाड्यांचा मेळा भरतो तेव्हा येऊन पाहा. बंपरमध्ये तोंड पाहून भांग पाडावा असे क्रोम. मीही लावला होता जीव. तारांच्या चाकांतली एकेक तार टूथब्रशने घासली होती. त्याच चाकामागचा होज मेला होता. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हाच. प्रेमाला दोष दिसत नाहीत. म्हणून तर तपासायला परका माणूस लागतो. स्वतःच्या वह्या स्वतः तपासून सही करणाऱ्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते छापता येणार नाही.

तिसरा मुद्दा : आजकालच्या पोरांना जुन्या गाड्यांतले काय कळते? नसेल कळत. पण ब्रेक तपासायच्या रोलरवर गाडी चढवली की डावे चाक किती धरते, उजवे किती, मोकळे सोडल्यावर कोणते घासते, याचे आकडे समोर येतात. आकड्यांना गाडीचे वय विचारावे लागत नाही. माझा दोष तिथे पाच मिनिटांत उघडा पडला असता.

आणि सगळ्यात मोठा विनोद ऐका. ही परीक्षा १९६० साली सुरू झाली ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. विषय तीनच : ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. पुढे १९६१ मध्ये वयाची अट सातवर आली आणि १९६७ मध्ये, म्हणजे माझी गाडी जन्मली त्याच साली, तीनवर. जुन्या गाड्यांच्या ब्रेकसाठी जन्मलेल्या परीक्षेतून सर्वांत जुन्या गाड्याच वगळल्या! म्हातारीसाठी बांधलेल्या जिन्याच्या कठड्याचा म्हातारीपुढचाच भाग काढून घ्यावा, तसे झाले.

तरी सगळे खापर सरकारच्या डोक्यावर फोडणार नाही. माफी म्हणजे मनाई नव्हे. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच आहे, आणि फी भरून आपण होऊन परीक्षेला बसायला कुणी अडवत नाही. मी दरवर्षी बसतो. पहिल्या वर्षी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीला याची गरज नाही." मी म्हटले, "बाळा, गाडीला नसेल. रस्त्यावर एक कुत्रे आहे, त्याला आहे."

सौ. पुन्हा गाडीत बसू लागली आहे. निघण्यापूर्वी ती विचारत नाही, मीच पेडल दाबून दाखवतो. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहतो, एखादे जास्त तापले आहे का. शेजारपाजारचे हसतात. हसू देत. गाडीला चाळिशी कधीच लागली. आता नाकावरची चाळिशी नीट बसवून तिच्या पोटात डोकावण्याचे काम मालकाचे आहे.