शनिवारचा बंद घाणा

मैत्रिणींनो, पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल ज्यू तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी मात्र घाणा बंद! म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या धर्मग्रंथातली मोशेची प्रार्थना तर सांगते, आयुष्य सत्तर-ऐंशी वर्षांचंच.

त्याच जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा. वर्षानुवर्षं पायी हिंडले आणि १९७० साली, पंचाहत्तरीत, आपल्या पवनारलाच राहायचं त्यांनी ठरवलं. उरलेला वेळ कशाला द्यायचा, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

घरातल्या थकलेल्या सासूबाईंना आपण हे कधी विचारतो? औषध, दूध वेळेवर देतो. जवळ बसायला तेवढी सवड नसते. आठवड्यातून एक दुपार आपलाही घाणा बंद ठेवू या. वाळवणं उद्याही होतील, बायांनो. सासूबाईंच्या गोष्टींचं तसं नाही.