लिपी मराठी, पाटी कोणाची?

मराठी पाट्यांचा प्रश्न एकदाचा निकालात निघाला, असा समज आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांनी करून घेतलेला दिसतो. दुकाने व आस्थापना यांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांस पूर्वी जी सूट मिळत असे ती गेली. आणि पाटीवरील देवनागरी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत, असे ठरले. सक्तीविरुद्ध व्यापाऱ्यांची एक संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. तेथे तिचे काही चालले नाही. पुढे २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. कायदा योग्य आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु तो पाळून लागलेल्या पाट्या जो कोणी सावकाश वाचील, त्यास हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही की, या सर्व खटाटोपात मराठीच्या पदरात नेमके पडले काय?

‘लेडीज वेअर’, ‘होम डेकोर’, ‘ऑप्टिशियन्स’, ‘डायग्नोस्टिक सेंटर’: अक्षरे ठळक, काना-मात्रा जागच्या जागी, आणि भाषा मात्र जशीच्या तशी इंग्रजी! कायद्याने म्हटले मराठी भाषा. व्यवहाराने ऐकली देवनागरी लिपी. मद्याच्या दुकानास थोर पुरुषाचे वा गडकिल्ल्याचे नाव असू नये, येथपर्यंत कायदा करणाऱ्यांची दृष्टी पोचली. पण पाटीवरचा शब्द कोणत्या भाषेचा, हे पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच राहिले नाही.

लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे पटण्यास व्याकरणाचा ग्रंथ उघडावयास नको. मुंबईच्या मध्य रेल्वेवरील एका स्थानकाची पाटी पुरे. मराठीत तेथे ‘शीव’ आहे आणि हिंदीत ‘सायन’. दोन्ही नावे देवनागरीतच आहेत. परंतु पहिल्या शब्दात गावाची सीमा आहे, एका जागेचा इतिहास आहे. दुसऱ्यात इंग्रजांच्या जिभेने केलेला त्याचा अपभ्रंश तेवढा आहे. लिपी एकच असूनही एक पाटी बोलते व दुसरी नुसती उच्चारते. आमच्या दुकानांच्या नव्या पाट्या या दुसऱ्या जातीच्या आहेत.

कोणी म्हणेल की, दुकानाचे नाव हे विशेषनाम आहे, त्याचे भाषांतर कसे करावयाचे? करू नये, हेच आमचेही म्हणणे. नाव मालकाने हवे ते ठेवावे. पण आत काय मिळते हे सांगणारी ओळ ही काही विशेषनाम नव्हे. ती गिऱ्हाइकासाठी असते आणि ती गिऱ्हाइकाच्या भाषेत असली पाहिजे.

दुसरे कोणी म्हणतात की, मराठी शब्द कृत्रिम वाटतात, लोकांस कळत नाहीत. या आक्षेपाचे उत्तर रस्त्यावरच मिळते. ‘केशकर्तनालय’ आणि ‘उपाहारगृह’ यांहून बनावट संस्कृत शब्द शोधूनही सापडणार नाहीत. तरी चार इयत्ता शिकलेला मनुष्य ते अडखळल्यावाचून वाचतो. का? रंगाऱ्याने ते गल्लोगल्ली रंगविले आणि डोळ्यांस त्यांची सवय झाली, म्हणून. शब्द आधी रुळतो व मग पाटीवर चढतो असे नाही. पुष्कळदा पाटीवर चढतो म्हणूनच तो रुळतो. जो शब्द कोठे दिसतच नाही, तो अपरिचित आहे अशी तक्रार करणे हा शुद्ध कांगावा होय.

आम्ही सोवळ्या भाषेचे पुरस्कर्ते नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला, तरी ‘दुकान’ हा शब्द फारसीतून येऊन आपल्या घरचा झाला तो झालाच. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, ‘तिकीट’ इंग्रजांकडून. ते आता मराठीच आहेत, कारण मराठी माणसास ते समजतात. आमची कसोटी एवढीच: पाटी वाचून कोणास काही कळते काय?

ही कसोटी लावण्याची खरी जागा रुग्णालय ही आहे. सरकारी रुग्णालयांत ‘बाह्यरुग्ण विभाग’, ‘अपघात विभाग’ असे शब्द दिसतात व लोक त्यांवरून वाट काढतात. खाजगी रुग्णालयांत बहुधा ‘कॅज्युअल्टी’, ‘पॅथॉलॉजी’, ‘बिलिंग’ यांचेच राज्य असते. खेड्यातून मुलाला घेऊन आलेल्या बाईस अक्षरओळख आहे. ती ‘कॅज्युअल्टी’ हा शब्द स्पष्ट वाचते, आणि त्याच दाराशी उभी राहून दार कोठे म्हणून विचारते. शिकूनही तिला निरक्षराप्रमाणे दुसऱ्याचे तोंड पाहावयास लावणे, हा भाषेचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

यावर काचा फोडणे हा उपाय नव्हे. दगडाच्या धाकाने बदललेली पाटी धाकापुरतीच मराठी असते. दुकानदार अक्षरे बदलतो आणि गप्प बसतो. त्याला भाषा बदलावीशी वाटेल ती गिऱ्हाइकामुळे. आणि गिऱ्हाईक कोण? तुम्ही-आम्हीच. शिकलेल्या मराठी कुटुंबांतच ‘शीव’ म्हणण्याचा संकोच वाटतो, स्वतःच्या दवाखान्यावर व शिकवणीच्या वर्गावर इंग्रजी नाव शोभते, आणि मराठी पाटीचे दुकान हलके वाटते. व्यापारी मूर्ख नाही. ज्या भाषेत आपली प्रतिष्ठा आहे असे आपण त्यास दाखवितो, त्याच भाषेत तो आपणांस हाक मारतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. तो मान ताम्रपटांचा व पोथ्यांचा झाला. जिवंत भाषेचा मान दाराच्या चौकटीवर ठरतो. तेथे जर आपण मराठीस केवळ अक्षरे उसनी देण्यापुरती उभी करणार असू, तर सरकारने दिलेला दर्जा तिच्या काय कामाचा?