पुरस्कार म्हणजे गोपनीय शेरा नव्हे

जबलपुरास हिशेब खात्यात असलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी चार वर्षे खपून एक कादंबरी लिहिली आणि हस्तलिखितांच्या एका स्पर्धेस पाठविली. निकालात त्यांचे नाव आले नाही. त्या दिवसापासून ते हस्तलिखित एका लोखंडी पेटीत पडून आहे, आणि "आता लिहिण्यात अर्थ नाही" हे वाक्य ते अशा सुरात उच्चारतात की जणू वरून हुकूमच आला आहे.

माझा आक्षेप या सुराला आहे. पुरस्कार हुकल्याचे दुःख होऊ नये असे म्हणणारा मनुष्य एक तर साधू असला पाहिजे, नाही तर लबाड. दुःख व्हावयाचेच. पण आपण सरकारी माणसे. ज्येष्ठतेच्या याद्या, खात्याच्या परीक्षा आणि गोपनीय शेरे यांच्या छायेत आयुष्य काढतो आणि तीच दृष्टी नकळत साहित्याला लावतो. काही परीक्षकांनी ठरलेल्या मुदतीत, समोर आलेल्या ढिगातून एक पुस्तक उचलले, एवढाच निकालाचा अर्थ. उरलेल्यांवर त्यांनी कसलाच शेरा मारलेला नसतो. या मौनालाच आपण प्रतिकूल शेरा समजतो, आणि त्यावर अपील नाही म्हणून मुकाट्याने मान तुकवितो.

सांत्वन करणाऱ्यांचा तर मला अधिकच राग येतो. "परीक्षकांना काय कळते!" असे म्हणून ही मंडळी लगेच मर्ढेकर-नेमाड्यांचे दाखले पुढे करतात. दाखले खरे आहेत. आकाशवाणीच्या नोकरीत बदल्या सोसलेल्या मर्ढेकरांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या, मराठी कवितेला नवे वळण दिले. साहित्य अकादमीचा १९५६ सालचा पुरस्कार त्यांना मिळाला तो 'सौंदर्य आणि साहित्य' या समीक्षाग्रंथाला, आणि तोही मरणोत्तर. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली. अकादमीने त्यांना गौरविले ते १९९० सालच्या पुरस्काराने, 'टीकास्वयंवर' या पुन्हा समीक्षेच्याच पुस्तकासाठी. दोघेही कादंबरीकार, आणि दोघांचाही सन्मान समीक्षक म्हणून! परंतु यावरून डावलली गेलेली प्रत्येक कादंबरी 'कोसला' असते असे सिद्ध होत नाही. खांडेकरांच्या 'ययाति'ला हाच पुरस्कार १९६० साली मिळाला. त्याने तिचे वाचक काही पळून गेले नाहीत. असल्या दाखल्यांनी लेखकाचा अहंकार तेवढा शांत होतो. हस्तलिखितातले दोष जागच्या जागी राहतात.

आणि दोष होते. मी ते हस्तलिखित वाचले आहे. तिसऱ्या प्रकरणात इटारसी स्थानकावर रात्री गाडी चुकलेली एक म्हातारी सामानावर बसून आपल्या घरातल्या भांडणाची हकीकत एका हमालाला सांगत राहते. हमालाला मराठी समजत नाही, आणि म्हणूनच ती सारे सांगू शकते. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाविषयी इतके नेमके मी पुष्कळ दिवसांत वाचले नव्हते. शेवटची साठ पाने मात्र धापा टाकीत पळतात: एक लग्न, एक मृत्यू, एक समेट, सारे एका दमात. असे का, म्हणून विचारले तेव्हा कळले की स्पर्धेची मुदत महिनाअखेर संपत होती! म्हणजे कादंबरीचे नुकसान निकालाच्या दिवशी झालेच नव्हते. ते मुदतीपूर्वीच्या तीन आठवड्यांत झाले होते, आणि ते परीक्षकांनी केले नव्हते. हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते रागावले. रागावोत बापडे, सहानुभूतीचे चार शब्द सांगणारे त्यांना कचेरीत पुष्कळ आहेत.

पुढील महिन्यात त्यांची बदली भुवनेश्वरला होत आहे. ती साठ पाने वेगळी काढावी, आणि उरलेले हस्तलिखित हातातल्या पिशवीत घेऊन गाडीत बसावे, असे मी त्यांना कळविले आहे. लोखंडी पेटी सामानाबरोबर ट्रकने जावयाची आहे, आणि मागल्या बदलीत तिला पोहोचावयास पाच आठवडे लागले होते.