गिटचे पहिले धडे

प्रयोगवहींतील आंकडा खोडून नवा लिहिला, तरी जुना वाचतां येतो. संगणकावर तो मागमूस न ठेवितां नाहींसा होतो. मग तो निष्कर्ष दुसऱ्यानें पडताळावा कसा? लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं रचिलेली ‘गिट’ ही प्रणाली प्रत्येक नोंदीबरोबर कर्त्याचें नांव, वेळ व त्यानें लिहिलेलें कारण जपून ठेविते. परंतु नवशिक्यांकडून नुसत्या आज्ञा पाठ करून घेणें आम्हांस व्यर्थ वाटतें. (घोकंपट्टीशीं आमचें वैर नाहीं, पाढे आम्हींही घोकलेच!) पहिल्याच दिवशीं दोघांस एकाच फाइलींतील एकच ओळ निरनिराळी बदलावयास लावावी. ते बदल एकत्र करितांना गिट तेथें अडते व दोन्ही ओळी समोर मांडिते. खरी कोणती, हें त्या दोघांनींच प्रयोगवही उघडून ठरवावयाचें असतें.